डुबकी आणि कर्दळीची सुरळी

न्हाणीचं पाणी जिथे जातं, तिथे होती एक कर्दळ.

कर्दळ केवढी? आईपेक्षा उंच!
तिची पानं केवढी? बाळाचं दुपटं होईल एवढी!
तिचं फूल कसं? लाल. लाल लाल. लालभडक!

आणि त्या कर्दळीत राहायची एक बेडकी.
बेडकी केवढी? एवढीशी. बोराएवढी.
बेडकीचं नाव काय? डुबकी.

कर्दळीचं नवं पान येतं ना, ते गुंडाळलेलं येतं. त्याची असते सुरळी. बघायचीय सुरळी? मूठ करा. थोडी सैल करा. आता वरून आत डोकावा. हां. अशी!

डुबकी सुरळीत निजायची. एक सुरळी उघडली, की तिच्या आतून दुसरी यायची. दुसरी उघडली, की तिसरी. डुबकी या सुरळीतून त्या सुरळीत.
टुपुक!

मग थंडी आली.

शेवटची सुरळी उघडली. डुबकी पानाच्या टोकावर बसली. दुसरी सुरळी येईल म्हणून बसली. बसून राहिली.
दुसरी आलीच नाही.

हिरवं पान पिवळं झालं. पिवळं पान तपकिरी झालं. आईने कात्री आणली. कच्च कच्च. कच्च कच्च.
कर्दळ गेली. उरली नुसती माती.

आई रडवेली झाली. भिंतीपलीकडे इंदूमावशी मटार सोलत होत्या. कर्दळ त्यांनीच दिलेली.
आई म्हणाली, “मावशी, मेली हो तुमची कर्दळ!”
मावशी म्हणाल्या, “मेली कसली, मृणाल? निजलीय. खाली कंद आहे की! उठेल आपली आपण. तू आता विसर बघू.”
“विसरू?”
“विसर. कंद लावायचा आणि विसरायचा. अशीच रीत आहे.”
आई म्हणाली, “बरं.”
पण विसरली का? छे!

इकडे डुबकी गेली फुटक्या कुंडीखाली. कुंडी कोरडी. कुंडी काळोखी. डुबकीला झोप येईना.

ती अळवाच्या पानावर जाऊन बसली. पान गुळगुळीत. सुर्रर्र! घसरली.

ओट्यावर पेपरची सुरळी होती. डुबकी आत शिरली. टुपुक! बाबांनी पेपर उघडला.
“आईगंऽऽ! बेडूक!”
बाबा चढले खुर्चीवर. डुबकी पळाली कुंडीखाली.

डुबकी म्हणाली, “अळू नको. पेपर नको. मला माझीच सुरळी हवी.”

मग ती निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
गेली कंदाकडे. कंद मातीत होता. डुबकीने मातीला तोंड लावलं.

“कंदा कंदा, डोळा उघड.
पान येईना.
मी निजू कुठे?”

कंद म्हणाला, “उंऽऽ. उघडणार होतो. पण आई येते. रोज येते. उलथनं आणते. खर्रर्र खर्रर्र, मला उकरते. म्हणते, आलं का? आलं का? मग परत पुरते. असं कुणी सारखं बघत बसलं, तर डोळा उघडतो का? आई विसरेल, तर मी उघडेन. नाहीतर नाही.”

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
गेली आईकडे. आईच्या कडेवर बाळ. आईच्या हातात उलथनं.

“आई आई, विसर ना.
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

आई म्हणाली, “विसरू कशी गं? सांगणं सोपं असतं. तो कुजला असेल तर? त्याला मुंग्या लागल्या असतील तर? मी उलटा पुरला असेल तर? काल याच उलथन्याने भाकरीला माती लागली. बाबा म्हणाले, ही कसली भाजी? तरी माझा हात जातोच. आणि हे बाळ! झोपतच नाही. बाळ कडेवर, मी अंगणात. अंगणात आले, की उकरते. बाळ झोपेल, तर मी टेकेन. टेकले, तर विसरेन. नाहीतर नाही.”

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
चढली आईच्या पदरावर. गेली बाळाकडे.

“बाळा बाळा, झोप ना.
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

बाळ म्हणालं, “नाई. नाई निन्नी. काऊ ओलडतो. का का कलतो. काऊ गप, मग निन्नी. नाईतल नाई!”

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
गेली कावळ्याकडे. कावळा दांडीवर. दांडीवर बाळाची लंगोटी. लंगोटीशेजारी कावळा.

“काऊ काऊ, थांब ना.
बाळ झोपेना,
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

कावळा म्हणाला, “का? का? का? का थांबू? एरवी तुला खाऊनच टाकलं असतं. आज वेळ नाही. मी भिंतीवर पोळी ठेवली होती. चांगली तुपाची! आणि ती मनी बघ. बसली की पोळीवर! पोळी चोचीत आली, तर माझं तोंड बंद. मनी उठेल, तर मी थांबेन. नाहीतर नाही. का! का! का!”

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
चढली भिंतीवर. गेली मनीकडे. पण फार जवळ गेली नाही हं!

“मने मने, ऊठ ना.
काऊ थांबेना,
बाळ झोपेना,
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

मनीने एक डोळा उघडला. मनी म्हणाली, “म्यांव. एरवी तुझ्याशी खेळले असते. पण त्याला उठावं लागतं. थंडीचे दिवस. पाठीवर ऊन. पोटाखाली काहीतरी मऊमऊ. काय आहे कोण जाणे! आता कोण उठतंय? ऊन सरकेल, तर मी उठेन. नाहीतर नाही.”
आणि मनीने डोळा मिटला. गुर्रर्र, गुर्रर्र.

डुबकीला वाटलं, आपणही असं गुर्रर्र करावं. पण त्याला निजावं लागतं. आणि निजायला आपली जागा लागते.

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
भिंतीच्या टोकाला गेली. तिथे ऊन पसरलं होतं. पिवळं पिवळं. ऐसपैस.

“उन्हा उन्हा, सरक ना.
मनी उठेना,
काऊ थांबेना,
बाळ झोपेना,
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

ऊन म्हणालं, “मी का सरकू? सगळ्यांना मी हवं आहे. पापडांना हवं आहे. गादीला हवं आहे. इंदूमावशींच्या गुडघ्यांना हवं आहे. तुला एकटीलाच नको! ढग हलेल आणि इथे येईल, तर मी सरकेन. नाहीतर नाही.”

डुबकी निघाली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
भिंतीजवळ होता शेवगा. डुबकी शेवग्यावर चढली. चढली, चढली, चढली. खाली बघितलं. अगंबाई! बाळ केवढंसं! मग खाली बघितलंच नाही.
लांब डोंगर होता. डोंगरावर ढग लोळत होता. डुबकीने हाक मारली.

“ढगाऽऽ ढगाऽऽ, हल ना.
ऊन सरकेना,
मनी उठेना,
काऊ थांबेना,
बाळ झोपेना,
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

ढग म्हणाला, “हलू कसा? मला पाय आहेत का? नाहीत. मला चाकं आहेत का? नाहीत. मी म्हणजे नुसता कापूस. वारा उठेल, तर मी हलेन. नाहीतर नाही.”

डुबकी थकली होती. तिचं पोट धपापत होतं. तरी निघाली.
टुपुक… टुपुक… टुपुक…
शेवग्याच्या शेंड्याला गेली. तिथे वाळक्या शेंगा होत्या. शेंगांत वारा निजला होता.

“वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना.
ढग हलेना,
ऊन सरकेना,
मनी उठेना,
काऊ थांबेना,
बाळ झोपेना,
आई विसरेना,
कंद उघडेना,
पान येईना.
मी निजू कुठे?”

वारा म्हणाला, “अगं, पान पान काय करतेस? पानं काय कमी आहेत? हे घे शेवग्याचं.”
“ते एवढंसं आहे.”
“मग केळीचं घे.”
“ते बाबांनी जेवायला नेलं.”
“मग कुठलंही घे! मी नाही उठत. काय असतं असं त्या सुरळीत?”

इतक्या जणांकडे ती गेली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग ती हळूच सांगायला लागली.

“आत हिरवा उजेड असतो.
भिंती गार असतात. गोल असतात. मला दोन्हीकडून धरतात.
तळाशी एक थेंब असतो. तो हलत नाही.
बाहेर भांडी वाजतात, खडण खडण. आत वाजत नाहीत.
आणि वर बघितलं ना, की आभाळाचा एक तुकडा दिसतो. टिकलीएवढा. तो माझा असतो.”

“आणि आता?” वाऱ्याने विचारलं.

“आता सगळंच आभाळ आहे,” डुबकी म्हणाली. “एवढं मोठं आभाळ मी कुठे ठेवू?”

शेंगा हलल्या नाहीत.
मग वाऱ्याला आतून काहीतरी झालं. आणि वाऱ्याने टाकला एक सुस्कारा.

हूऽऽऽश्श!

करा बरं तुम्हीपण. हूऽऽऽश्श!

वारा उठला. शेंगा वाजल्या, खुळखुळ खुळखुळ.
वारा उठला, ढग हलला.
ढग हलला, ऊन सरकलं.
ऊन सरकलं, मनी उठली. “शी! गारठा!”
मनी उठली, कावळ्याने पोळी उचलली. का! का! क… ग्लुप. चोचीत पोळी, तोंड बंद.
काऊ थांबला, बाळ झोपलं. डोकं आईच्या खांद्यावर. तोंड उघडं. लाळ गळतेय, टप टप.
बाळ झोपलं, आई टेकली. म्हणाली, “दोनच मिनिटं हं. मग उठते. मग जरा कंद…”
आणि आईलाच झोप लागली. उलथनं हातातून गळलं. खण्ण!
आई विसरली!

डुबकी धावली.
टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, टुपुक टुपुक!
मातीला तोंड लावलं.
“कंदा कंदा, आई विसरली! आता डोळा उघड!”

कंद म्हणाला, “आज विसरली. उद्याचं काय?”
मोठा सावध कंद!

डुबकी रुसली नाही. दुसऱ्या दिवशी परत शेवग्यावर चढली.
वारा म्हणाला, “आलीस? सांग गं परत ते. टिकलीएवढ्या आभाळाचं.”
डुबकीने सांगितलं. वाऱ्याने सुस्कारा टाकला. हूऽऽऽश्श!
ढग हलला, ऊन सरकलं, मनी उठली, काऊ थांबला, बाळ झोपलं, आई टेकली, आई विसरली.

तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशीही तसंच. मग तर रोजच.
आई इतकी विसरली, इतकी विसरली, की एकदा आमटीत मीठ घालायचंच विसरली. बाबांनी तशीच ओरपली. भाकरीला माती नव्हती ना!

थंडी सरली.
डुबकी रोज मातीजवळ बसायची. माती तशीच. डुबकी तशीच. ती काही विचारत नव्हती. नुसती बसायची.

एक दिवस बाळ लवकर झोपलं. आई टेकणार होती. तेवढ्यात तिला आठवलं.
“अगंबाई! माझा कंद!”

आईने उलथनं घेतलं. आई अंगणात आली. दणदण दणदण.
डुबकी मातीत बसलेली. ती जागची हलली नाही.
आई खाली बसली. आईने उलथनं उचललं. उलथनं वर. वर. आता खाली येणार…

आईने बघितलं.

डुबकीच्या पायाशी एक टोक आलं होतं. लालसर हिरवं. बाळाच्या पहिल्या दाताएवढं.

आईचा हात तिथेच थांबला.
आई मातीला नाक लावून टोकाकडे बघे. डुबकी आईकडे बघे.

आईने उलथनं पाठीमागे लपवलं.
“मी काही बघितलं नाही हं,” आई हळूच म्हणाली. “तू पण सांगू नकोस.”

भिंतीपलीकडून मावशींनी विचारलं, “काय गं मृणाल, कंद आला का?”
आई म्हणाली, “कोण कंद? कसला कंद? मी तर विसरलेच बाई, मावशी!”
मावशी म्हणाल्या, “हो का? मग माती कशी लागलीय नाकाला?”
आईने पदराने नाक पुसलं. दोघी हसल्या. पण हळू हसल्या. बाळ झोपलं होतं ना!

टोक वाढलं. वाढलं, वाढलं, वाढलं. बाळाच्या बोटाएवढं झालं. बाबांच्या पेनाएवढं झालं. मग लाटण्याएवढं झालं. घट्ट घट्ट गुंडाळलेलं.
मग वरून थोडं सैल झालं. फार नाही. एवढंच. बोराएवढं.

डुबकी चढली. हळू चढली. काठावर बसली. आत डोकावली.

आत हिरवा उजेड होता.
भिंती गार होत्या. गोल होत्या.
तळाशी एक थेंब होता. तो हलत नव्हता.

टुपुक!

शेवग्यावर वारा वाट बघत होता. आज डुबकी सांगायला आली नाही. वाऱ्याला सगळं समजलं. तो आपला खाली आला. सुरळीला एक हलकासा झोका दिला. आणि परत शेंगांत जाऊन पडला.

संध्याकाळी आई बाळाला घेऊन आली. चवड्यांवर आली. बाळाने विचारलं, “बेकी कुते?”
आईने सुरळीकडे बोट दाखवलं. पण हात नाही लावला. “शूऽऽ. उद्या ही सुरळी उघडेल. मग आतून दुसरी येईल. ती उघडली, की तिसरी. आपण बघायचं नाही हं.”
आणि आईने हळूच बघितलं. एकदाच. अगदी एकदाच!

आत डुबकी निजली होती. तिच्यावर आभाळाचा एक तुकडा होता. टिकलीएवढा.

तर डुबकी निजली सुरळीत.
बाळ निजलं कुशीत.
आणि गोष्ट विचारते, मी निजू कुठे?
सांगा बघू!
तुमच्या उशीखाली.